मुद्दलाचा हिशेब

घरावर कर्ज काढावयाचे म्हटले म्हणजे आपल्याकडील जुनी माणसे व्याजाचा दर नंतर विचारतात; मुद्दल कसे आणि केव्हा उतरणार, हे आधी विचारतात. या सवयीमागे पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे. दर वर्षी व्याज भरीत राहावे आणि मुद्दल जसेच्या तसे उभे असावे, या रीतीने हातची गेलेली घरे आणि कुळागरे यांच्या गोष्टी आम्ही लहानपणी फोंड्यास पुष्कळ ऐकल्या. त्या गोष्टींतील माणसे आळशी किंवा उधळी नसत. व्याज ती वेळेवर भरीत. मुद्दलापर्यंत त्यांचा हात कधी पोहोचत नसे, एवढेच.

आम्हां उभयतांचे इंग्लंडातील घर ज्या कर्जावर उभे होते, त्याचे मुद्दल पहिल्या सोळा वर्षांत एका पेनीनेही कमी झाले नाही. हप्ता मात्र आम्ही एकदाही चुकविला नाही. ही त्या कर्जाची रीतच होती, आणि १९८० ते १९९० या दशकात ब्रिटनमधील लक्षावधी कुटुंबांनी ती स्वीकारली होती. १९८८ साली तेथे दिल्या गेलेल्या नव्या घरकर्जांपैकी दहांत सुमारे आठ कर्जे याच प्रकारची होती. पुढे तिच्यातून जे निष्पन्न झाले, त्याची भरपाई मागण्यासाठी लोकांना झगडावे लागले, त्यात आम्हीही होतो. २०१४ साली आम्ही कायमचे फोंड्यास परतलो. तेव्हापासून देवळातील ओळखीची माणसे अधूनमधून विम्याचे कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागली आहेत. त्यांना जे तुकड्यातुकड्यांनी सांगतो, ते एकदा सलग लिहून काढावे, म्हणून हा लेख.

प्रथम ती रीत समजून घेतली पाहिजे. कर्ज फेडण्याचा साधा मार्ग असा, की दर महिन्याच्या हप्त्यात थोडे व्याज आणि थोडे मुद्दल असावे. आरंभी व्याजाचा भाग मोठा, मुद्दलाचा लहान. वर्षे सरतील तसे पारडे फिरत जाते आणि पंचविसाव्या वर्षी कर्ज शून्यावर येते. एंडाउमेंट कर्जात ही दोन कामे वेगळी केलेली असत. कर्ज देणाऱ्या संस्थेस केवळ व्याज द्यावयाचे. मुद्दलासाठी विमा कंपनीची एंडाउमेंट पॉलिसी घ्यावयाची आणि तिचा हप्ता निराळा भरावयाचा. कंपनी त्या हप्त्यातून आयुष्याच्या विम्याचा खर्च, आपला कारभारखर्च व एजंटाचे कमिशन काढून घेई आणि उरलेली रक्कम शेअर, सरकारी रोखे, इमारती यांत गुंतवी. दर वर्षी बोनस जाहीर होई. मुदत संपताना आणखी एक अखेरचा बोनस मिळे. पंचवीस वर्षांनी पॉलिसीचे जे पैसे येतील त्यांतून सगळे मुद्दल एकदम फेडावयाचे, अशी कल्पना.

यातील मेख पॉलिसीच्या आतल्या पानावर होती. मुदतीच्या आत मृत्यू आला तर कर्जाइतकी पूर्ण रक्कम देण्याची हमी होती. मुदत संपेपर्यंत जगलो, तर हमी होती ती तिच्याहून बरीच लहान अशा मूळ रकमेची आणि तोवर जाहीर झालेल्या बोनसची. बाकीचे सारे पुढील बोनसवर अवलंबून. म्हणजे मेलो तर कर्ज खात्रीने फिटणार. जगलो तर फिटेलच असे नाही. एवढे एक वाक्य कोणी आम्हांस त्या वेळी सांगितले असते, तर पुढील पत्रव्यवहार करण्याची पाळीच आली नसती.

आम्ही १९७६ साली इंग्लंडास गेलो. दोघांपैकी एकाची नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याची शाळेच्या कचेरीत. मिडलँड्समधील त्या गावी मराठी आणि कोकणी मिळून पंचवीस-तीस कुटुंबे होती. देऊळ नव्हते. भाड्याच्या सभागृहात गणेशोत्सव होई, श्रावणात कोणाच्या तरी घरी सत्यनारायण होई, आणि या दोन निमित्तांनी आमचा जो समाज जमे, तोच आमचा गाव. त्या गावाचे कर्ते गृहस्थ होते मामा. त्यांचे नाव येथे घेत नाही. दिवसा त्यांची टपालखात्यात नोकरी. संध्याकाळी ते एका विमा कंपनीचे काम करीत. आरतीच्या वेळी त्यांचा आवाज सर्वांच्या वर असे. नव्याने आलेल्याला खोली मिळवून देणे, मुलांना शाळेत घालणे, रुग्णालयात कोणी असेल तर डबा पोहोचविणे, ही कामे त्यांनी आपली मानली होती. अशा माणसाने घरकर्जाची सोय सुचविली तर त्याला उलटतपासणी कोण घेणार?

जुलै १९८८ मध्ये आम्ही घर घेतले. कर्ज चाळीस हजार पौंडांचे, मुदत पंचवीस वर्षे. पॉलिसीचा हप्ता महिना अठ्ठावन्न पौंड. मामा आमच्या स्वयंपाकघरात बसून हिशेब समजावीत होते. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्यांनी मागल्या आठवड्यात झालेल्या सत्यनारायणाच्या निमंत्रणाचा कोरा मागचा भाग घेतला आणि त्यावर लिहिले: "२५ वर्षांनी — कर्ज ४०,००० फिटले. वर १० ते १२ हजार तुमचे." खाली दोन रेघा ओढल्या. आम्ही विचारले, की नेहमीच्या हप्त्याचे कर्ज घेतले तर काय फरक पडेल. ते म्हणाले, त्यात वरचे पैसे मिळत नाहीत. त्यांचे हे उत्तर खोटे नव्हते. मात्र त्या दुसऱ्या प्रकारात हप्ते भरल्यास कर्ज फिटणार हे निश्चित असते, ही गोष्ट त्या उत्तरात नव्हती. तो निमंत्रणाचा कागद आमच्याकडे का राहिला, तर पुढच्या बाजूस पूजेचे मंत्रपुष्पाचे वेळापत्रक होते, आणि असले कागद टाकून देण्याची आमच्या घरी चाल नाही.

व्यवहार पुरा झाल्याचे आम्ही घरी कळविले. आमच्या वडिलांनी उलट टपाली अभिनंदन केले आणि एका ओळीत विचारले, की या वर्षी मुद्दल किती फिटेल. आम्ही पंचवीस वर्षांनंतरची सगळी योजना सविस्तर लिहिली. पुढील वर्षी पुन्हा तोच प्रश्न आला. त्यानंतर दर गुढीपाडव्याच्या पत्रात तो असे. ते गोव्याच्या सरकारी खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि देवस्थानच्या महाजनांच्या सभेत जमाखर्च वाचला जाई तेव्हा एकेक रक्कम अडवून विचारणारे म्हणून प्रसिद्ध होते. विमा कंपनीच्या रंगीत पुस्तिकेचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. १९९६ साली ते वारले तोपर्यंत त्या प्रश्नाचे उत्तर "अद्याप काही नाही" हेच राहिले.

ते दिवस एरवीही कठीण होते. ऑक्टोबर १९८९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर पंधरा टक्क्यांवर गेला आणि आमच्या व्याजाचा आकडा पगाराच्या निम्म्याजवळ आला. पाठोपाठ घरांच्या किमती पडल्या. आमच्याच रस्त्यावर दोन घरांच्या मालकांनी किल्ल्या कर्जसंस्थेकडे परत पाठविल्या. त्या काळात आम्ही व्याजाकडे पाहत होतो. पॉलिसीकडे पाहण्याचे कारणच वाटत नव्हते. अठ्ठावन्न पौंड दर महिन्याला बँकेतून आपोआप जात होते.

इकडे पॉलिसीच्या पोटात काय चालले होते, ते पुढे वाचून कळले. एंडाउमेंटची कीर्ती झाली ती महागाई मोठी आणि शेअरांचे भाव चढते होते त्या काळात. विम्याच्या हप्त्यावर मिळणारी करसवलत नव्या पॉलिसींपुरती मार्च १९८४ मध्येच बंद झाली होती, म्हणजे या योजनेचा एक मोठा आधार आम्ही घर घेण्यापूर्वी चार वर्षे गेला होता. तरी विक्री वाढतच राहिली. कारण साध्या कर्जावर विकणाऱ्यास विम्याचे कमिशन मिळत नसे, एंडाउमेंटवर मिळे, आणि त्याचा मोठा भाग पहिल्या काही हप्त्यांतूनच वसूल होई. पुढील दशकात महागाई उतरली, व्याज उतरले, बोनसही उतरत गेले. उतरत्या व्याजाने कर्जदाराचा महिन्याचा भार हलका झाला, हे खरे. परंतु ज्या गुंतवणुकीतून मुद्दल फिटावयाचे तीही त्याबरोबर रोडावली. मग २००० पासून तीन वर्षे शेअरबाजार कोसळत गेला.

२००१ च्या वसंतात कंपनीचे पत्र आले. अशी पत्रे त्या सुमारास देशभर घरोघर गेली. त्यांचे तीन रंग होते: हिरवा म्हणजे पॉलिसी वाटेवर आहे, पिवळसर म्हणजे काळजी घ्या, लाल म्हणजे कर्ज न फिटण्याचा मोठा धोका. आमचे लाल होते. गुंतवणूक वर्षास चार टक्क्यांनी वाढली तर २०१३ साली सव्वीस हजार सहाशे पौंड मिळतील, सहा टक्क्यांनी वाढली तर एकतीस हजार, आठ टक्क्यांनी वाढली तरी छत्तीस हजार चारशे. चाळीस हजार कोठेच नव्हते. "वर दहा-बारा हजार" यांचा तर प्रश्नच उरला नाही.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात प्रसाद वाटताना दुसरा विषय नव्हता. मोजता मोजता अठरा घरे निघाली, सगळ्यांची पॉलिसी एकाच कंपनीची, सगळ्यांना विकणारे मामा. मामा त्या संध्याकाळी आरतीला उभे होते, पण आवाज चढला नाही. सभागृहाच्या मागच्या बाजूस, चहाच्या भांड्याभोवती, दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे, कंपनीकडे तक्रार करावी. दुसऱ्याचे म्हणणे, तक्रार कंपनीवर केली तरी ती मामांवरच पडते. ज्यांनी आपल्या मुलांच्या मुंजीत यजमानाची कामे केली, त्यांचे नाव परक्या माणसांच्या फायलीत कसे घालावे? बाजार पडला त्याला ते काय करणार? आम्हांस या दुसऱ्या पक्षाचे मन कळत होते. परदेशात पंचवीस घरांचा समाज म्हणजे काय असते, हे तेथे राहिल्याखेरीज समजणार नाही. तेथे एक माणूस दुरावला तर तेराव्याला जेवावयास येणारे एक पान कमी होते.

परंतु दोन गोष्टींचा घोटाळा होत होता. बाजार पडणे ही तक्रारीची बाब नव्हतीच. केवळ पैसे कमी येणार म्हणून भरपाई कोणालाही मिळाली नाही, आणि मिळू नये असेच आमचे मत आहे. तक्रारीचा मुद्दा इतकाच, की विकताना धोका समजावून सांगितला होता की नाही, आणि ज्याला मुद्दल खात्रीने फेडावयाचे होते त्याच्या गळ्यात अनिश्चित वस्तू घातली गेली की काय. आणि हे उत्तरदायित्व कायद्याने कंपनीचे होते. फायनान्शियल सर्व्हिसेस ॲक्ट या १९८६ च्या कायद्याची मुख्य कलमे २९ एप्रिल १९८८ पासून अमलात आली. त्यानंतर एकाच कंपनीचा माल विकणाऱ्या एजंटाच्या सल्ल्याची जबाबदारी त्या कंपनीवर होती. आमचा व्यवहार त्या तारखेनंतर तीन महिन्यांचा. त्याआधी स्वतंत्र मध्यस्थाकडून पॉलिसी घेणाऱ्या कित्येकांना पुढे दाद मागण्यास दारच मिळाले नाही; अवघ्या काही आठवड्यांच्या फरकाने मनुष्य कायद्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडला.

तरीही मामांना न विचारता पत्र टाकणे आम्हांस प्रशस्त वाटेना. २००२ च्या शरदात एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. मामींनी चहा केला. आम्ही काय लिहिणार आहोत ते वाचून दाखविले, निमंत्रणाचा तो कागदही दाखविला. मामांनी तो बराच वेळ हातात धरला. मग उठून टेबलाच्या खणातून एक पत्र काढून आमच्यासमोर ठेवले. तेही लाल होते. त्यांच्या स्वतःच्या घरावर तीच पॉलिसी होती, रक्कम आमच्याहून मोठी. त्यांनी आपल्याच हाताने स्वतःला विकलेली. विकणारा आणि घेणारा एकच, तेव्हा कोणी कोणावर तक्रार करावी, असे म्हणून ते थोडे हसले. कंपनीने त्यांना प्रशिक्षणात जी पुस्तिका दिली तीच त्यांनी वाचली होती, आणि तिच्यावर त्यांचा विश्वास होता. आम्ही निघताना ते दारापर्यंत आले आणि कोकणीत म्हणाले, "तुमी म्हजें नांव बरयात. म्हाका वायट दिसचें ना." त्यांना वाईट वाटणार होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्यानंतर दोन वर्षे ते गणेशोत्सवास आले नाहीत.

पत्र लिहिण्यास आम्हांस तीन आठवडे लागले. त्यात आम्ही रागाचा एकही शब्द येऊ दिला नाही. कोणत्या तारखेस, कोठे बसून, कोण काय म्हणाले. आम्ही काय विचारले. कोणते उत्तर मिळाले. दुसऱ्या प्रकारच्या कर्जाविषयी काय सांगितले गेले व काय सांगितले गेले नाही. त्या वेळी आमची मिळकत किती, शिल्लक किती, यापूर्वी शेअरांत कधी पैसे घातले होते काय — एवढेच. शेअरांत आम्ही कधी एक पौंडही घातला नव्हता. कंपनीने नियमाप्रमाणे आठ आठवड्यांत अखेरचे उत्तर दिले: तक्रार अमान्य. कारण, पुस्तिकेच्या अमुक पानावर "बोनसची हमी नाही" असे छापले होते, आणि मूळ अर्जात जोखीम घेण्याच्या तयारीच्या रकान्यात "मध्यम" या शब्दापुढे खूण होती. खूण मामांची, खाली सही आमची.

अशा नकारानंतर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे जाता येत असे. ही संस्था डिसेंबर २००१ पासून पूर्ण अधिकाराने काम करू लागली होती. तक्रार करणाऱ्यास फी नाही, वकील लागत नाही, निकाल तक्रारदाराने मान्य केला तर तो कंपनीवर बंधनकारक. त्या सुमारास "तुमची भरपाई मिळवून देतो" म्हणणाऱ्या मंडळ्या वर्तमानपत्रांत जाहिराती देत होत्या. मिळेल त्या रकमेतून मोठा हिस्सा त्या कापून घेत. एक अर्ज भरून टपालात टाकण्याची ती मजुरी. आम्ही अर्ज स्वतः भरला आणि निमंत्रणाच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडली. मागील बाजूवर देवनागरी अंक होते, म्हणून त्यांचे इंग्रजी भाषांतरही. पुढील बाजूची प्रत पाहून तेथील अधिकारी बाईंनी दूरध्वनीवर विचारले, की हा कंपनीचा कागद आहे काय. हा पूजेचा कागद आहे, असे समजावून सांगताना बराच वेळ गेला.

निकाल यावयास वर्षाहून अधिक लागले, कारण तेथे तक्रारींचा पूर आला होता. मार्च २००५ अखेरच्या एका वर्षात त्या संस्थेकडे एंडाउमेंट कर्जांच्याच सुमारे सत्तर हजार तक्रारी आल्या, एकूण नव्या तक्रारींच्या निम्म्याहून अधिक. आमचा निकाल २००४ च्या उन्हाळ्यात लागला. अर्जातील एका खुणेवरून, घरापलीकडे काहीही मालमत्ता नसलेल्या कुटुंबाने मुद्दलावर जोखीम पत्करली असे मानता येत नाही; आणि साध्या कर्जाचा पर्याय नीट मांडल्याची कोठे नोंद नाही, असे त्यात होते. मामांविषयी एकही कठोर शब्द नव्हता. ते वाचून आम्हांस प्रथम हायसे वाटले ते त्याचे.

आता भरपाईचा हिशेब. येथेच बहुतेकांची निराशा होई, म्हणून तो विस्ताराने सांगतो. पुष्कळांची समजूत अशी, की चाळीस हजारांत जितके कमी पडणार तितके कंपनीने द्यावयाचे. तसे नव्हे. प्रश्न असा विचारला जाई: योग्य सल्ला मिळून या माणसाने पहिल्या दिवसापासून साधे कर्ज घेतले असते, तर आज तो कोठे असता? आमच्या बाबतीत सोळा वर्षांत साध्या कर्जाचे सुमारे सोळा हजार पौंड मुद्दल फिटले असते. पॉलिसी त्या दिवशी मोडली असती तर हातात येणारी रक्कम, जिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात, ती तेरा हजार एकशे. फरक दोन हजार नऊशे. शिवाय व्याज आणि पॉलिसीचा हप्ता मिळून आम्ही महिन्याला जे भरले, ते साध्या कर्जाच्या हप्त्याहून व त्यासोबतच्या साध्या आयुर्विम्याहून थोडे अधिक भरत होते. त्याचे व्याजासह सातशे चाळीस. एकूण तीन हजार सहाशे चाळीस पौंड.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ हा आकडा ऐकून म्हणाले, एवढ्यासाठी दोन वर्षे पत्रे लिहिली? पण आम्हांस या हिशेबातील न्याय पटला, आणि आजही पटतो. जे स्वप्न कागदावर लिहून दाखविले, त्याची किंमत कोणी देऊ शकत नाही. जो सरळ रस्ता आमच्यापासून लपला, त्यावर आम्हांस नेऊन उभे करणे, एवढेच शक्य होते, आणि ते झाले. आम्ही पॉलिसी मोडली, तिचे पैसे व भरपाई दोन्ही कर्जात भरली, आणि उरलेले तेवीस हजार तीनशे पौंड मुद्दल-व्याजाच्या साध्या हप्त्यांवर नऊ वर्षांत फेडावयाचे ठरविले. कर्जसंस्थेकडून नवीन वेळापत्रक आले. त्यात दर महिन्यापुढे मुद्दलाचा रकाना होता आणि तो दर ओळीस उतरत होता. वडील जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. ते वेळापत्रक आम्ही त्यांच्या पत्रांच्या फायलीत लावले. दुसरी जागा सुचली नाही.

अठरांपैकी अकरा घरांनी तक्रार केली. त्यांत नऊ जणांना काही ना काही मिळाले. दोघांचे अर्ज फेटाळले गेले, आणि त्यांतील एक तरी योग्यच फेटाळला गेला, कारण ते गृहस्थ स्वतः शेअरांचा धंदा करीत आणि धोका कशाला म्हणतात हे त्यांना मामांपेक्षा चांगले ठाऊक होते. एका कुटुंबाने मात्र मामांच्या भिडेखातर पत्र टाकलेच नाही. घरधनी २००४ च्या मे महिन्यात वारले. त्यांच्या पत्नी शरदात कागद घेऊन आमच्याकडे आल्या. विम्याची पूर्ण रक्कम मृत्यूमुळे मिळाली असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. पण पॉलिसी पत्नीच्या एकटीच्या आयुष्यावर काढलेली होती. पहिल्या लाल पत्रापासून तीन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे, असा नियम होता, आणि ती मुदत त्या वसंतातच संपली होती. कंपनीने दोन ओळींत नकार दिला. त्यांनी घर विकून लहान जागा घेतली. मामांना हे कळले तेव्हा ते त्या बाईंकडे जाऊन आले. काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही. त्या वर्षानंतर ते पुन्हा उत्सवास येऊ लागले, आणि ज्या कोणाकडे लाल पत्र शिल्लक होते त्याला तारीख कधी संपते ते स्वतः जाऊन सांगू लागले.

आपल्या देशात कर्जाची ती इंग्लंडातील रीत फारशी नाही. बँका मुद्दल-व्याजाचाच हप्ता घेतात, ही मोठी चांगली गोष्ट आहे. परंतु कर्ज मागावयास गेलेल्या माणसापुढे विम्याचा अर्ज सरकविण्याची चाल येथेही आहे, आणि फोंड्यास आमच्या ओट्यावर येणारे बहुतेक कागद त्याचेच असतात. "पॉलिसी घेतली तरच कर्ज मंजूर होईल", "पाच वर्षांनी पॉलिसीच्या पैशांतून कर्ज फेडून टाका" — ही वाक्ये आम्ही इतक्यांदा ऐकली आहेत, की सांगणारा वाक्य सुरू करतो आणि आम्ही मनात पुरे करतो. अशांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो पॉलिसी हातात कधी आली याचा. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, आणि किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. ते दिवस उलटले असतील तर विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लेखी कळवावे. एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. नकारापासून एक वर्षाच्या आत. ही व्यवस्था १९९८ पासून आहे. फी नाही, वकील चालत नाही, आणि २०२३ पासून पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या मागण्या तेथे चालतात. गोव्यास पुण्याची कचेरी लागू आहे. बेळगावच्या वाचकांना बंगळूरची, इंदूर-ग्वाल्हेरकरांना भोपाळची, बडोद्याच्या मंडळींना अहमदाबादची, हैदराबादकरांना त्यांच्या शहरातीलच.

सध्या आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेचे प्रकरण आहे. घराच्या छपराच्या दुरुस्तीसाठी त्या कर्ज मागावयास गेल्या आणि दहा वर्षे हप्ते भरण्याची पॉलिसी घेऊन आल्या. अर्जात त्यांचे निवृत्तिवेतन दुप्पट दाखविले आहे. ती पॉलिसी विकणारा मुलगा त्यांचाच विद्यार्थी; दर एकादशीस देवळात भेटतो आणि वाकून नमस्कार करतो. त्याच्या नोकरीस धक्का लागेल म्हणून त्या चार महिने गप्प होत्या. मग त्यांनी त्याला घरी बोलावून आपले पत्र वाचून दाखविले, आणि त्याच्याकडून त्यातील शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून घेतल्या. कंपनीने नकार दिला आहे. लोकपालांकडून सुनावणीची तारीख आली आहे; सुनावणी व्हिडिओवर होणार आहे. बाईंच्या घरी मोबाइलचा संपर्क टिकत नाही, म्हणून देवस्थानच्या अग्रशाळेतील पहिली खोली त्या सकाळपुरती मागितली आहे. मुलगा म्हणाला आहे, की फोन धरावयास मी येतो.